घागरीच्या उंचीची गाडी

निखिल, सुजाता,

गेल्या रविवारचं तुमचं भांडण मी फोनवर शेवटपर्यंत ऐकलं. निखिलने जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे, तिला आणखी खाली बसवायचं आहे, सायलेंसर बदलायचा आहे, मागे पंखासारखं काहीतरी लावायचं आहे. सुजाताचं म्हणणं, ज्यांनी गाडी बनवली त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आहे तशी राहू दे. मग कोणीतरी म्हणालं, आजीला विचारा, आणि सगळे हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आमच्या घरी एक स्पोर्ट्स कार होती आणि तिच्यावरून जवळजवळ हेच भांडण झालं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुमच्या बाबांचे मिलिंदमामा, म्हणजे माझा दादा, मागच्या हिवाळ्यात गेला. गाडी कापली त्या दुपारी अंगणात जी घरची माणसं होती, त्यांतली आता मी एकटी उरले आहे. म्हणून आत्ता लिहिते. सल्ला म्हणून लिहीत नाही. मोटारींतलं मला कळत नाही. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिलं असतं तर निखिलला स्वतः वाचता आलं असतं. पण ह्यातली माणसं जे बोलली ते मला इंग्रजीत ऐकू येत नाही. सुजाता वाचून दाखवील.

आम्ही तेव्हा नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मालधक्क्यावर क्लार्क होते. दोन खोल्या, पुढे पडवी, तिच्यासमोर घराच्या मानाने मोठं अंगण. पहाटे इंजिनाच्या शिट्ट्या, डबे एकमेकांना भिडताना गाडीभर पुढे सरकत जाणारा धडधडाट, वारा त्या बाजूचा असला की गुरुद्वारातलं कीर्तन, आणि मग आईच्या भाकरीची थाप, ह्या क्रमाने आमचा दिवस सुरू होई. बाबांना सगळं जागच्या जागी लागे. चपला भिंतीला टाचा लावून, तांब्यावर फुलपात्र पालथं, पेपर वाचून झाला की घडी मूळच्या घडीवर. मला तुम्ही ज्यावरून चिडवता तो माझा टापटिपीचा स्वभाव तिथला आहे. आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्याआधीचं घर मला आठवत नाही. बाबा मात्र दोन्ही आयुष्यं जगलेले होते. गावी जाताना ते नेहमी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, आणि गाव जवळ आलं की पाय हळू टाकत. असं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

दादा सरकारी बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. गाडी त्याला देगलूरकडे सापडली. एका जहागीरदाराच्या घरची माणसं सगळं आवरून हैदराबादला निघाली होती, त्यांच्या गोदामात कडब्याखाली ती पडली होती. दोन माणसांची, कापडी टपाची, विलायती. राखणदार दादाला म्हणाला, "लेके जाव भाई, चुहे रहते इसमें." मालकांना गोदाम रिकामं हवं होतं, दादाला गाडी हवी होती. बैलजोडी लावून ती सडकेपर्यंत ओढत आणली आणि तिथून ओळखीच्या ट्रकमागे बांधून नांदेडला. गल्लीत शिरली तेव्हा लोकांना वाटलं होडी आणली आहे. आई म्हणाली, "गोदावरीला पाणी न्हाई आन् हा नाव घेऊन आला." पुढची काही वर्षं दादाचा प्रत्येक रविवार तिच्याखाली गेला. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. तो खाली उताणा पडून विचारी, मी पडवीत बसून वाची आणि मराठी करून सांगे. 'टॅपेट क्लिअरन्स'ला मराठीत काय म्हणायचं ह्यावर आमची बरीच डोकेफोड झाली. कॉलेजात मी बी. ए.च्या वर्गात इंग्रजी कविता वाचत होते, पण त्या भाषेत अगदी नेमकं बोलता येतं हे मला त्या पुस्तिकेने शिकवलं.

दादाचा हट्ट होता की गाडी कारखान्यातून निघाली तशीच झाली पाहिजे. मूळचा भाग मिळेपर्यंत तो वर्षभर थांबे, पण दुसरा लावत नसे. वर्कशॉपमधले मित्र म्हणत, अरे, जीपचं इंजिन टाक, जाड पाट्यांच्या स्प्रिंगा चढवून उंच कर, आपल्या रस्त्याला ही बुटकी काय कामाची. खरंच ती फार बुटकी होती. आत बसलं की रस्त्यावरचं कुत्रं आपल्या डोळ्याला डोळा भिडवी. सगळे तिला ठेंगणी म्हणत. पण रंग लागून, टप चढवून दादाने ती पहिल्यांदा मालेगाव रोडला पळवली तेव्हा मी शेजारी बसले होते, आणि तो आवाज, एका सुरात वर चढत जाणारा, मला अजून आठवतो. परत आलो तेव्हा बाबाही पडवीत येऊन उभे राहिले. फडकं घेऊन आरशावरचा बोटांचा ठसा पुसला.

त्या वर्षी हैदराबादला मोटारींची शर्यत होती, होळीनंतर. जुन्या गाड्यांचा एक वेगळा गट होता आणि त्यात अट एकच, गाडी मूळची हवी. नट सोडून परत लावलेले चालतील. पत्रा कापलेला, पाटे बदललेले चालणार नाहीत. दादाचं नाव लागलं होतं. तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपच्या मालकाने ठेंगणी येऊन पाहिली होती आणि सांगितलं होतं की ही त्या मैदानात नीट पळाली तर तू माझ्याकडे ये, असल्याच गाड्यांचं काम आहे. सरकारी बसचे ब्रेक आवळण्यात दादाचा जन्म जाणार नव्हता, असं तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

आणि त्याच वर्षी पाऊस पडला नाही. दुष्काळाचं मी तुम्हाला फार सांगत नाही, पुस्तकांत आहे. घरात तो प्रथम भाकरीतून आला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळू लागला आणि आईची भाकरी विटकरी रंगाची, थापता थापता तुटणारी झाली. आई ती उकड काढून करी, सोबत जवसाची चटणी, नाहीतर नुसतं मीठ-मिरची. बाबा जेवताना म्हणत, "चांगली झाली," आणि आई म्हणे, "खोटं बोलायची काय गरज हाय." नळ कमी वेळ येऊ लागला, पण येत होता. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी पाण्याची तक्रार करणं बरं नव्हतं, कारण मालधक्क्याबाहेर खेड्यांतून आलेली माणसं रिकामे डबे घेऊन बसलेली असत.

संक्रांतीनंतर एक दिवस गयाआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, विधवा, उमरीपलीकडच्या आमच्या गावी वस्तीत एकटी राहायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पॅसेंजरने आली होती, एक पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. पडवीत बसून तिने आधी पदराची गाठ सोडून कामावर खायला मिळालेली सुकडी माझ्या हातावर ठेवली, मग पाय पसरला.

"कशानं सुजला?" बाबांनी विचारलं.

"नदीतल्या झिऱ्यात पाण्याला उतरले व्हते. दगड सटकला."

"झिऱ्यात कशाला? गावात टँकर येतो ना?"

"येतो की. गावाच्या हिरीत सोडतेत. मग आमी घागरी मांडून लांब बसायचं. कुणाला याद आली तर ओढून वरून ओततेत. न्हाई आली तर बसायचं. परवा पाटलाची सून म्हणली, गयाबाई, आणखी मागं सरका, पदर लागून राहिला. मी उठले आन् झिऱ्याकडं गेले."

"तू इकडंच राहा आता."

"हाव, आन् गाव म्हणंल, पाण्यासाठी पळाली. माझं मस्टर कोण भरंल, तू? ह्या शर्टावर खडी फोडशील?"

बाबा हसले नाहीत. ते अंगणात ताडपत्रीखाली असलेल्या गाडीकडे बघत होते. जेवताना त्यांनी दादाला विचारलं, "ठेंगणीत टिपाड बसंल का रे?" टिपाड म्हणजे लोखंडी पिंप.

"बसंल. बाजूची सीट काढावी लागंल."

"परत लावता येते ना?"

"येते. चार नट हायेत."

"मग काय अडलं?"

"काई न्हाई," दादा म्हणाला आणि आणखी चटणी मागितली.

व्यवस्था सगळ्यांना पटण्यासारखी होती. उमरीजवळ व्यंकटराव नावाचे शेतकरी होते, बाबांचे शाळेतले सोबती. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं आणि त्यांचं ऑइल इंजिन दादाच दुरुस्त करायचा. तिथे टिपाड भरायचं, गावात वस्तीत नेऊन रिकामं करायचं, रविवारी आणि सुटीच्या दिवशी. सीट काढली, तिच्याखालची रबरं कागदात गुंडाळून ठेवली. गाडी मूळचीच राहिली, फक्त एका माणसाच्या जागी पाणी बसणार होतं. मी आत्याला सोडायला म्हणून आदल्या दिवशीच पॅसेंजरने गावी गेले होते, त्यामुळे ठेंगणी वस्तीत आली ते मला समोरून बघता आलं.

पांदणीच्या अरुंद वाटेने ती कुंथत आली. वस्तीतल्या बायांनी घागरी, हंडे, कळश्या ओळीने मांडल्या. इथपर्यंत कोणालाच काही वावगं दिसलं नाही. दादाने टिपाडाचं झाकण काढलं, बादली हातात घेतली, वळला, आणि बाया मागे सरकल्या. घागरी पुढे, माणसं दहा पावलं मागे, डोक्यावर पदर. कोणी सांगितलं नव्हतं. दादाने पहिली घागर भरायला बादली तिच्या तोंडावर टेकवली तशी ठकाबाई म्हणून एक म्हातारी होती ती मागून म्हणाली, "टेकवू नगं लेकरा. वरून सोड."

दादा थांबला. "मावशे, मी गयाआत्याचा भाचा हाय. बादली लागली तर काय होतंय?"

"तुला म्या वळखते की. हाताला सवय हाय, बाबा. वरूनच बरं पडतंय."

त्याने वरून ओतलं. टिपाड संपेपर्यंत वरून ओतत राहिला. मी आत्याकडे बघितलं. तीही मागे सरकून उभी होती, सुजल्या पायावर. दादाला पाणी ओतायला वाकावं लागत होतं, कारण गाडीच इतकी ठेंगणी, आणि तरी सगळं चित्र विहिरीवरच्यासारखंच होतं. फक्त ओतणारा आमचा होता. दादाने ते किती वेळात ओळखलं मला माहीत नाही. परत जाताना त्याने आत्याची एक घागर मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, पुढच्या खेपेला भरून आणील.

नांदेडला त्याने ती घागर अंगणात ठेंगणीच्या मागे ठेवली आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत बसला. घागरीचं तोंड गाडीच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेपेक्षा वर येत होतं. म्हणजे ज्याचं त्याने पाणी घ्यावं म्हणून डिकीत टाकी बसवून मागे तोटी काढायची तर तोटीखाली घागर मावत नव्हती. गाडी उचलायला हवी होती, पाटे वाढवायला हवे होते, आणि तोटीसाठी मागच्या पत्र्याला भोक पाडायला हवं होतं. नट सोडून परत लावण्याचं हे काम नव्हतं. शर्यतीला अजून वेळ होता, पण ह्यानंतर तिला त्या गटात कोणी उभं करून घेतलं नसतं. आणि गाडी पळाली नाही तर हैदराबादची नोकरीही गेली.

ह्या खेपेला बाबांनीच विरोध केला. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल. पडवीत खुर्ची टाकून बसले होते, दादा खाली पायरीवर.

"हे बघ, पाणी पोचतंय. कोण ओतून राहिलं हे महत्त्वाचं न्हाई. मृगात पाऊस येईल, न्हाई तर पुढच्या नक्षत्रात येईल. पाऊस आला की तुझ्या तोटीचं काम संपलं. भोक मात्र राहील. नोकरी एकदा गेली की पुन्हा कोण विचारणार हाय तुला? मी धक्क्यावर कसा लागलो, ते तुला माहीत हाय. असं दार आपल्याला कितीदा उघडतं?"

"तुमचं खरं हाय, बाबा."

"मग?"

"मग काई न्हाई. मी बादली घेऊन उभा राहिलो आन् म्हातारी मला म्हणली, वरून सोड. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"वरून सोडलं असतं," बाबा म्हणाले. "पाणी महत्त्वाचं."

आई दारात मिलोतले खडे काढत होती. ती म्हणाली, "तोटी लावायची तर खालच्या अंगाला लावा. वर लावली तर निम्मं पाणी टाकीतच राहतंय." ती कोणाच्या बाजूने बोलली हे आम्हाला तेव्हाही ठरवता आलं नाही. त्याच आठवड्यात आत्या पाय दाखवायला पुन्हा आली. तिला कळल्यावर ती दादावर चिडली. "माझ्यापायी गाडी कापू नगं. आमाला चालतंय ओतलेलं. आजवर काय तोटीनं पेत आलो का?"

"चालतंय म्हणूनच," दादा म्हणाला.

"लई शाणा झालास."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कापू नको म्हणाले असते. त्या गाडीच्या पुस्तिकेतली वाक्यं मी मराठीत आणली होती, एकेक भाग नाव घेऊन ओळखत होते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलीला शर्यत हा शब्द पाण्यापेक्षा मोठा वाटू शकतो. ह्याची मला लाज वगैरे वाटत नाही. वस्तीतल्या बाया माझ्या ओळखीच्या होत्या, पण घागर घेऊन लांब उभं राहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. बाबांनी ती येऊ दिली नव्हती.

दादाने मागचा पत्रा एका दुपारी कापला. खडूने गोल काढला, छिन्नी ठेवली आणि हातोडा मारला. क्वार्टरमध्ये दुपारी सगळे झोपलेले असतात. त्या आवाजाने शेजारपाजारची माणसं उठून कुंपणाशी आली. पत्रा पातळ असेल असं मला वाटलं होतं, पण तो चांगला जाड निघाला. मी आतून फळी लावून धरली होती, प्रत्येक घाव माझ्या कोपरापर्यंत येई. बाबा पडवीत पेपर वाचत होते. कापलेली चकती खाली पडली तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली, उठून आले, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कानस मार. बायांचे हात कापतील." मग स्वतःच कानस आणायला गेले. टाकी बाजारातल्या पत्रेवाल्याने करून दिली. जीपचे जुने पाटे चढवले. तोटी पितळेची होती. दादाने ती बसवून खाली आत्याची घागर ठेवली. मावली, वर दोन बोटं जागा राहिली.

ठेंगणी आता दिसायला विचित्र झाली. रिकामी असली की मागून उचललेली, नाक जमिनीला, काहीतरी हुंगत चालल्यासारखी. टाकी भरली की सरळ होई. चढाला आणि ओझ्याला तिचं इंजिन लगेच तापे, आणि मग थांबून त्याच टाकीतलं पाणी रेडिएटरला पाजावं लागे. आत्या म्हणे, "तुमची गाडी निम्मं पाणी वाटंतच पेते. मानसं बरी." वस्तीत पहिल्यांदा आली तेव्हा बायांनी सवयीने घागरी मांडल्या आणि मागे सरकल्या. दादा गाडीतून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. शेवटी आत्या लंगडत पुढे झाली, घागर तोटीखाली सरकवली, तोटी फिरवली. मग बाकीच्या आल्या. ठकाबाईने तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

"म्हातारे, पानी हाय का खेळणं?" मागची एक बाई म्हणाली.

"थांब गं. बगू दे," ठकाबाई म्हणाली, आणि आणखी एकदा उघडली.

होळी झाली. शर्यत झाली त्या दिवशी दादा पांदणीत ठेंगणीचा फुटलेला सायलेंसर तारेने बांधत होता. हैदराबादच्या माणसाला त्याने आधीच कळवलं होतं. त्यांनी दुसरा मुलगा घेतला. उन्हाळ्यात गावाचा टँकर मधेच काही दिवस आला नाही. तेव्हा गावातल्या बायाही वस्तीच्या तोंडाशी आल्या, त्यांत पाटलाची सून होती. कळशी ठेवून लांब उभी राहिली. आत्या दगडावर बसली होती.

"ओता की, गयाबाई."

"आमच्यात ओतायला मानूस ठेवत न्हाईत. तोटी हाय बगा. उजवीकडं फिरवा."

तिने इकडेतिकडे बघितलं, मग पदराच्या टोकात धरून तोटी फिरवली. घरी नेऊन त्यांनी ती कळशी चिंच लावून घासली असं नंतर कळलं. आत्या म्हणाली, "घासायला पानी कुठलं घेतलं, तेवढं इचारा."

पाऊस मृगात आला, बाबा म्हणाले होते तसा. तोटीचं काम संपलं. गावाच्या विहिरीवर वरून ओतणं त्यानंतरही काही वर्षं चालू राहिलं. ते बंद झालं वस्तीत हातपंप आल्यावर, आणि तोही मागून मागून आला. एका गाडीने गाव बदललं असं मी तुम्हाला सांगणार नाही. अलीकडे आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा आमच्या सोसायटीत टँकरभोवती मी सगळ्या तऱ्हेची माणसं एका पाइपला झोंबताना पाहिली. ती तिथे कशावरून भांडत होती आणि कशावरून नव्हती, ह्याचा मी गॅलरीतून बराच विचार केला.

लातूरला मी लग्न होऊन आले. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. रोज कुठल्यातरी इमारतीवर नवी पाटी रंगवली जात होती, नव्या कचेऱ्या, नवे साहेब, भाड्याच्या खोल्या मिळेनात. बदली मागून दादाही त्याच सुमाराला इकडे आला, ठेंगणी घेऊन. वर्कशॉपच्या मागे शेड टाकून त्याने ती ठेवली होती. एका नव्या साहेबांकडे पुण्याहून पाहुणे आले, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता. त्यांनी ती पाहिली, भोवती फिरले, बोनेट उघडून बघितलं आणि मागे आल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून ठेवलं हो?" ते म्हणाले. "हरकत नाही. मागचा पत्रा नवा घालू, पाटे मूळचे मिळवतो मी. कारखान्यातून आली तशी होईल. द्या मला."

"तोटी ठेवाल?" दादाने विचारलं.

"तोटी कशी ठेवणार? तोटीचा काय संबंध?"

"मग चहा घ्या," दादा म्हणाला. चहा झाला, गप्पा झाल्या, ते गेले. तेव्हा दादाला मुलांच्या शिक्षणाची काळजी होती आणि गाडी विकली असती तर सोय झाली असती. वहिनी नंतर बरेच दिवस त्याच्याशी तुटक बोलत होती, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. मी त्याला एकदाच विचारलं, हैदराबादला गेला असतास तर बरं झालं असतं का. तो म्हणाला, "तिकडं ऊन लई हाय." लातूरच्या वैशाखात बसून हे बोलला. सरकारी बसचे ब्रेक आवळतच तो निवृत्त झाला. जन्मभर चांगला मेकॅनिक म्हणून त्याचं नाव होतं. आणखी काय झालं असतं हे कोणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी शेडमध्ये जाऊन आले. टप कुजून गेला आहे. इंजिन भाच्याने विकलं, सीट उंदरांनी खाल्ली, टायर नाहीत, गाडी विटांवर उभी आहे. तोटी पितळेची होती, ती कोणीतरी काढून नेली. मागचा पत्रा गंजला आहे, पण धरून आहे. भोक आहे. त्याची कड बाबांनी घासली होती, ती अजून हाताला लागत नाही.